मधला तुकडा

जुलैचा दुसरा आठवडा होता. भाईंदर पश्चिमेहून सुटलेली बस राई, मुर्धा, मोर्वा ही गावं मागे टाकत डोंगरीला आली तोवर पाऊस थांबला होता, आणि उत्तनला उतरलो तेव्हा चक्क ऊन पडलं. मासेमारीबंदीचे दिवस, 1 जून ते 31 जुलै, एकूण 61. बोटी वर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या. एरवी ज्या वलांड्यांवर बोंबील सुकत असतात, त्यांचे नुसते बांबू उभे. समुद्र बंद असला तरी किनाऱ्यावर कामाची गडबड होती. कुठे जाळी शिवणं चाललेलं, कुठे फळ्यांच्या फटी बुजवणं, आणि एका बोटीजवळ ग्राइंडरचा आवाज.

त्या बोटीतलं इंजिन चेनपुलीने हातभर उचलून धरलं होतं. खाली मिस्त्री उकिडवे बसले होते आणि त्यांच्या मांडीवर लोखंडाची एक गोल तबकडी होती, बोटभर जाडीची, मधोमध मोठं भोक असलेली. तबकडीवर छोट्या भोकांची दोन वर्तुळं, एकात एक. मिस्त्री बाहेरच्या वर्तुळातल्या एका भोकाची कड कानशीने घासत होते. दोनदा घासायचं, बोट फिरवायचं, पुन्हा दोनदा.

"मिस्त्री, याला काय म्हणता तुम्ही?"

"प्लेट. कारखान्यात अडॅप्टर प्लेट म्हणतात. बाहेरची भोकं इंजिनची, आतली गिअरची. इंजिन आलंय ट्रकचं आणि गिअर बोटीचा. दोघांची ओळख नाही, ती हिने करून द्यायची."

शेजारी उभे असलेले नाखवा म्हणाले, "ही नसली तर इंजिन एकीकडं आणि पंखा एकीकडं." पंखा म्हणजे प्रोपेलर.

अडॅप्टर या विषयावर लिहायचं ठरवलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे मोबाइलचे चार्जर आणि विमानतळावर मिळणारे परदेशी प्लग होते. उत्तनच्या किनाऱ्यावर कळलं की हा विषय पुष्कळ जुना आहे, आणि जडही.

आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी बोटींमध्ये मुळात ट्रकसाठी घडवलेलं डिझेल इंजिन असतं. ते परवडतं, त्याचे सुटे भाग मिळतात आणि ते उघडून बसवू शकणारा माणूस गावात असतो. पण ट्रक आणि बोट यांचं आयुष्य अगदी निराळं. ट्रकला चढ, उतार आणि सपाट रस्ता असतो म्हणून पाच-सहा गिअर लागतात. बोटीला पुढे, मागे आणि मोकळं एवढंच पुरतं. पण इंजिन मिनिटाला दीड-दोन हजार फेरे घेत असताना पंख्याने सावकाश फिरायला हवं, नाहीतर तो पाण्यात नुसता फेस करतो. ते फेरे कमी करण्याचं काम बोटीच्या गिअरचं. दुसरं असं की पंखा बोटीला पुढे ढकलतो म्हणजे खरं तर आपल्या दांड्याला, शाफ्टला, पुढे रेटतो. तो सगळा रेटा इंजिनाच्या पोटात गेला तर इंजिन टिकणार नाही. गिअरमधलं एक जाड बेअरिंग तो अंगावर घेतं. ट्रकच्या इंजिनाला असला रेटा आयुष्यात कधी लागलेला नसतो.

आणि थंड कसं करायचं? ट्रक धावतो तेव्हा वारा रेडिएटरमधून जातो. बोटीच्या पोटात वारा नाही, बाहेर मात्र हवं तेवढं पाणी. पण ते खारं, थेट इंजिनात सोडलं तर काही हंगामांत बीड कुरतडून टाकील. मग इंजिनात गोडं पाणी फिरवायचं, आणि एका डब्यात बारीक नळ्यांमधून समुद्राचं पाणी नेऊन त्या गोड्या पाण्याची उष्णता काढून घ्यायची. दोन्ही पाणी एकमेकांना शिवत नाहीत, देवाणघेवाण तेवढी होते. हाही मधला तुकडाच.

या यंत्रात मला सगळ्यात आवडला तो जस्ताचा गोळा. पंखा तांब्याच्या मिश्रधातूचा, सुकाणूचे भाग लोखंडाचे. असे दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना जोडलेले राहिले की त्यांची आपोआप बॅटरी बनते आणि जो धातू जास्त चंचल, तो झिजत जातो. म्हणून जवळ जस्त ठोकून ठेवतात. जस्त लोखंडापेक्षाही चंचल. सगळी झीज ते स्वतःवर ओढून घेतं. मिस्त्रींनी गेल्या हंगामातलं काढलेलं जस्त हातावर ठेवलं. कडांनी खाल्लेलं, खडबडीत, नव्याच्या अर्ध्या वजनाचंही नव्हतं. शेजारचं लोखंड शाबूत होतं.

विजेची गोष्ट याहून नाजूक. ट्रकच्या इंजिनाबरोबर येणारी वीजही ट्रकची, म्हणजे 24 व्होल्ट. 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. वायरलेसचा संच 12 व्होल्टचा. मोबाइलला 5 व्होल्ट. घाईत असलेला माणूस काय करतो, तर दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच दोन वायरी काढून वायरलेसला देतो. 12 व्होल्ट मिळतात, संच चालू होतो, सगळे खूश. पण दोन बॅटऱ्या चार्ज मात्र एकत्र होतात. एक रोज जास्त रिकामी होते आणि पुरती भरत नाही, दुसरी आधीच भरलेली असून तिच्यात आणखी कोंबलं जातं, तिचं पाणी आटतं. काही महिन्यांत दोन्ही जातात. त्या जातात तेव्हा बोट किनाऱ्यापासून किती दूर आहे आणि काळोखात सोळा नंबरच्या चॅनेलवर, संकटाच्या चॅनेलवर, हाक मारता येईल की नाही, हा जिवाचा प्रश्न होतो. उपाय साधा आहे. 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर, मुठीत मावेल एवढा. मिस्त्री सांगत होते, "लाखांचं इंजिन घेतात आणि ह्या डबीला नको म्हणतात."

ही डबी वेगळी आणि ती प्लेट वेगळी, हे मला तिथे नीट उमगलं. प्लेट आकार जुळवते, डबी आतलं बळ जुळवते. घरातला आपला गोंधळ सगळा इथेच होतो, आणि त्याची किंमत आमच्या घराने मोजली आहे.

माझ्या आतेबहिणीने अमेरिकेहून येताना आईसाठी भात शिजवायचा कुकर आणला होता. त्याच्या दोन चपट्या पिना आपल्या सॉकेटमध्ये जाईनात. मी स्टेशनबाहेरून एक अडॅप्टर आणला. पुढून चपट्या पिना घेणारा, मागून आपल्या गोल पिना असलेला. छान बसला. बटण दाबलं, आणि पाचेक मिनिटांत जळका वास आला. तिथली वीज 120 व्होल्ट, आपली 230. तापणाऱ्या तारेला दुप्पट दाब दिला की विजेचा प्रवाहही दुप्पट वाढतो, म्हणजे ताप चौपट. नेमकं सांगायचं तर साडेतीनपटीहून थोडं जास्त. 500 वॉटचा कुकर 1800 वॉटवर पेटला होता. आईने मेन स्विच बंद केला म्हणून तेवढ्यावर निभावलं. अडॅप्टरच्या अंगावर व्होल्ट बदलत नाहीत असं एक अक्षर छापलेलं नव्हतं. आकार जुळला म्हणून मी विश्वास ठेवला.

आकाराचं हे प्रकरण कुठून आलं, ते पाहण्यासारखं आहे. आपल्या भिंतीवरच्या सॉकेटची तीन गोल भोकं ब्रिटिशांच्या 1934 सालच्या बीएस 546 या मानकातली. पाच अँपिअरच्या छोट्या प्लगच्या दोन पिना सुमारे 5 मिलिमीटर जाड आणि एकमेकींपासून 19 मिलिमीटरवर. तिसरी, अर्थिंगची, जाड आणि लांब. लांब यासाठी की प्लग आत जाताना तिने आधी टेकावं आणि निघताना शेवटी सुटावं. ब्रिटनने ही पद्धत पुढे सोडून दिली. महायुद्ध चालू असतानाच तिथे एक समिती बसली, घरं पुन्हा बांधायची तर तांबं कमी आणि सुरक्षितता जास्त कशी साधायची ते ठरवायला. त्या समितीवर कॅरोलाइन हॅस्लेट या एकट्या स्त्री होत्या. गृहिणींच्या हाती वीज सुरक्षित कशी द्यावी, यासाठी त्यांनी आयुष्यभर काम केलं होतं. लहान मुलाने भोकात काही घातलं तरी त्याला विजेचा धक्का बसू नये, हा आग्रह त्या चर्चेत होता. 1947 मध्ये चपट्या तीन पिनांचा, पोटात फ्यूज असलेला ब्रिटिश प्लग आला, त्याची भोकं पडद्याने झाकलेली. त्याच वर्षी आपण स्वतंत्र झालो आणि जुने गोल प्लग आपल्याकडे राहिले. पुढे ते आपल्या आयएस 1293 या मानकात बसले, 6 आणि 16 अँपिअर असे.

आखातातले बहुतेक देश मात्र नव्या ब्रिटिश प्लगवर गेले. या किनारपट्टीवरची किती घरं आखाताच्या आणि जहाजांच्या कमाईवर उभी राहिली! म्हणून इथल्या जुन्या कपाटात एकदा हात घातला की चपट्या पिनांची इस्त्री नाहीतर टेपरेकॉर्डर निघतो, आणि त्याला काळ्या टेपने बांधलेला अडॅप्टर. तिथली वीजही बव्हंशी आपल्याच दाबाची, त्यामुळे ती इस्त्री इथे नीट चालली. अमेरिकेचा कुकर जळला. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही अडॅप्टर सारखेच.

युरोपचा दोन पिनांचा छोटा प्लग तर अडॅप्टरशिवायच आपल्याकडे घुसतो. त्याच्या पिनाही 19 मिलिमीटरवरच, पण 4 मिलिमीटर जाड. आपल्या पाचच्या भोकात चारची पिन सैल बसते. टेकते आणि सुटते, टेकते आणि सुटते. त्या सुटण्याच्या जागी ठिणगी पडते, तिथे काजळी धरते, काजळीने पकड आणखी ढिली होते आणि एक दिवस सॉकेटचं प्लास्टिक पिवळं पडलेलं दिसतं. हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे आणि "लूज कॉन्टॅक्ट" म्हणून प्लग जरा दाबून पुढे गेलो आहोत. तसाच तो कन्व्हर्जन प्लग, गिझरच्या जाड पिना छोट्या सॉकेटमध्ये जायची सोय करून देणारा. 2000 वॉटचा गिझर जवळजवळ 9 अँपिअर ओढतो, भिंतीतली वायर आणि सॉकेट 6 चं. दोन आकार वेगळे ठेवले होते ते याचसाठी, की मोठ्या भुकेचं यंत्र छोट्या ताटावर बसू नये. दहा-वीस रुपयांची वस्तू तो विचार मोडून टाकते, आणि ती सर्रास विकली जाते याचा मला मनापासून राग येतो.

उत्तनहून परतताना भाईंदर स्टेशनवर लोकलची वाट पाहत होतो. वर पाहिलं तर पातळशी तार. या तारेचा इतिहासही असाच. 3 फेब्रुवारी 1925 रोजी मुंबईच्या व्हीटीहून कुर्ल्याला देशातली पहिली विजेची गाडी धावली, 1500 व्होल्ट डीसीवर. 1928 मध्ये चर्चगेट ते बोरिवली आणि 1936 मध्ये विरारपर्यंत ही वीज आली, म्हणजे भाईंदरलाही. पुढे 1957 मध्ये रेल्वेने देशभरासाठी 25,000 व्होल्ट एसी ठरवलं, आणि विरारच्या उत्तरेला ती नवी वीज आली, दक्षिणेला जुनीच राहिली. एकाच रुळावर दोन विजा. अहमदाबादची गाडी काय करणार, विरारला इंजिन बदलणार? त्यासाठी चित्तरंजनच्या कारखान्यात 1975 पासून एक खास इंजिन बनलं, डब्ल्यूसीएएम-1. नावातच सगळं आहे: डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, सी डीसीचा, ए एसीचा, एम म्हणजे माल आणि प्रवासी दोन्ही. दोन विजांच्या सीमेवर तारेचा एक तुकडा मुद्दाम मृत ठेवलेला असे. गाडी तिथून आपल्याच वेगावर, वीज न घेता, निघून जाई आणि पलीकडे दुसऱ्या विजेवर उठे.

अडॅप्टर पोटात घेऊन धावणारी ही इंजिनं आणि नंतरच्या दुहेरी विजेच्या लोकल यांच्या जोरावर मुंबईची जुनी वीजही 25,000 व्होल्टवर न्यायला वेळ मिळाला. 3000 किलोवॉटच्या गाडीला 1500 व्होल्टवर 2000 अँपिअर लागतात. 25,000 वर तेवढ्याच कामाला 120 पुरतात. म्हणून जाड तारा पातळ झाल्या, सबस्टेशनं कमी झाली. पश्चिम रेल्वेवर हे काम 2012 मध्ये संपलं. तेव्हा आम्हा प्रवाशांना काय जाणवलं? काही रविवारचे ब्लॉक. लाखो माणसं रोज त्या तारेखालून जात असताना खालची गाडी, वरची तार आणि मधलं सगळं बदललं गेलं, आणि कुणाला आपल्या डब्यासाठी अडॅप्टर आणावा लागला नाही. जुळवण्याचा भार रेल्वेने स्वतःच्या खांद्यावर घेतला. मिस्त्रींची ती कानस आठवली ती इथे. उत्तनला हा भार नाखव्याच्या खिशावर आणि मिस्त्रींच्या गुडघ्यांवर असतो. इंजिनाच्या मागच्या तोंडाला जिथे ठरलेल्या मापाचं आवरण असतं, तिथे त्या मापाचा गिअर सरळ बसतो, प्लेट लागत नाही. जिथे बनवणाऱ्याने आपलंच माप काढलं, तिथे शेवटच्या माणसाला ते भोक घासत बसावं लागतं.

अंतराळातसुद्धा हा प्रश्न सुटला तो दोघांनी मिळून आधी बसून सोडवला म्हणून. 17 जुलै 1975 ला अमेरिकेचं अपोलो आणि सोव्हिएत रशियाचं सोयुझ ही यानं एकमेकांना जोडली गेली. रशियाच्या व्लादिमिर सिरोम्यात्निकोव्ह यांनी जोडाची अशी कडी आखली की नर-मादी हा भेदच नाही, दोन्ही बाजू सारख्या. आकार जुळला. पण अपोलोत जवळजवळ शुद्ध ऑक्सिजन, आपल्या हवेच्या एक तृतीयांश दाबाने. सोयुझमध्ये साधी हवा. दार उघडून सरळ पलीकडे जाणाऱ्याच्या रक्तात बुडबुडे धरले असते. म्हणून मध्ये एक खोली बांधली. माणसं त्या खोलीत थांबत, दाब हळूहळू बदलू देत आणि मग पलीकडे जात. सोयुझनेही आपला दाब दोन तृतीयांशावर आणला होता. माझ्या कुकरच्या अडॅप्टरमध्ये ती खोली नव्हती.

मोबाइलच्या चार्जरचं दैन्य मात्र आता थोडं कमी होऊ लागलंय. प्रत्येक कंपनीची पिन वेगळी होती तो काळ आठवा, पाहुण्यांकडे गेलं की "बारीक पिनचा आहे का हो?" हा प्रश्न. युरोपीय संघाने 28 डिसेंबर 2024 पासून नव्या फोनना एकच टाइप-सी पिन सक्तीची केली. आपल्या भारतीय मानक ब्युरोनेही जानेवारी 2023 मध्ये तिचं मानक प्रसिद्ध केलं. या पिनेत 24 छोटे संपर्कबिंदू असतात. त्यातल्या एका बिंदूवरून फोन आणि चार्जर आधी बोलून घेतात. फोनच्या बाजूला 5.1 किलोओहमचा छोटा रोध असतो. तो दिसला तरच चार्जर वीज सोडतो, आणि जास्त व्होल्ट हवे असतील तर मागून घ्यावे लागतात. हे बोलणं प्रामाणिक असेल तर ठीक. 2016 मध्ये गूगलचे अभियंते बेन्सन लेऊंग बाजारातल्या केबली एकेक करून तपासत होते. एकीच्या आत वायरीच उलट्यासुलट्या जोडलेल्या निघाल्या, आणि त्यांचा लॅपटॉप निकामी झाला. बाहेरून ती केबल इतरांसारखीच होती. म्हणजे आकार एक झाला तरी आतल्या जोडाची राखण कुणीतरी करायला हवीच, आणि ते काम गिऱ्हाइकाच्या नशिबावर सोडून चालत नाही. मानकाचा कागद छापून सरकार मोकळं होता कामा नये, दुकानातला माल तपासला पाहिजे.

उत्तनच्या माणसांसाठी सध्याचा सगळ्यात महत्त्वाचा मधला तुकडा बोटीच्या टपावर बसतो. खाडीपल्याडच्या पालघरला 30 ऑगस्ट 2024 ला वाढवण बंदराच्या पायाभरणीच्या दिवशीच बोटींवरच्या ट्रान्सपॉन्डरची देशव्यापी योजना सुरू झाली, 1 लाख बोटींसाठी. इस्रोने घडवलेली ही पेटी. किनारा मागे पडला की मोबाइलची रेंज जाते आणि हातातला फोन नुसता टॉर्च उरतो. तो फोन या पेटीशी जोडला जातो आणि पेटी उपग्रहाशी. खलाशाला आपल्या भाषेत दोन ओळी पाठवता येतात, वादळाचा इशारा वाचता येतो, संकटात बटण दाबता येतं. उपग्रहाची भाषा फोनला येत नाही, फोनची उपग्रहाला नाही, आणि मध्ये बसलेल्या या पेटीला दोन्ही येतात. ती मात्र चालते बोटीच्याच बॅटरीवर. म्हणजे पुन्हा त्या दोन बॅटऱ्या, आणि मिस्त्रींची ती मुठीएवढी डबी.

ऑगस्टमध्ये पुन्हा उत्तनला गेलो. बोट पाण्यात उतरली होती, हार घातलेला, कडेने नवा रंग. मला वाटलं काम संपलं. पण मिस्त्री खाली इंजिनापाशी गुडघे मोडून बसले होते आणि शाफ्टचं कपलिंग त्यांनी पुन्हा सोडवलं होतं. नाखवा वैतागले होते, किनाऱ्यावर तर सगळं बरोबर बसलं होतं.

"लाकडी बोट आहे, नाखवा," मिस्त्री म्हणाले. "वाळूवर बसली होती तेव्हा तिचं अंग वेगळं, आता पाण्याने उचलली तर वेगळं. आता बघायला लागतं."

त्यांनी फिलर गेजची पातळ पत्ती कपलिंगच्या दोन तोंडांमधल्या फटीत सरकवली. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. पाच इंचांच्या कपलिंगला इंचाच्या पाच सहस्रांशांपेक्षा जास्त फरक चालत नाही, म्हणजे वहीच्या कागदाएवढा. खाली पत्ती सैल गेली. त्यांनी इंजिनाच्या मागच्या पायाखाली पत्र्याचा एक तुकडा सारला, नट आवळला, पुन्हा पत्ती घातली. पुन्हा ढिला केला. बोट हलकेच डुलत होती, प्रत्येक लाटेला त्यांचा हात थांबत होता. चौथ्या वेळी पत्ती चारही बाजूंना सारखी अडकली. मग त्यांनी हात पुसले आणि वर न बघताच म्हणाले, "चालू करा."